डाव्या सीटचं वजन

मिरज
१२ ऑगस्ट २०१२

श्री. धन्यकुमार शेटे यांना भूपाल मगदूम यांचा सप्रेम जयजिनेंद्र.

शेटे सर, शेवटी गाडी घेतली. पांढरी, आणि डिझेल! निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, त्यातली दहा मी निव्वळ पेट्रोल की डिझेल या विचारात घालवली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही गेल्या वर्षी घाईघाईनं पेट्रोल घेऊन मोकळे झालात तेव्हाच मी हिला म्हटलं होतं, "तुझी धाकटी बहीण गणिताच्या मास्तरला दिली खरी, पण मास्तरला पंपावरचं गणित काही येत नाही बघ."

फोनवरच सांगणार होतो. पण हिशोबाचं बोललं की तुम्हाला नेमकं ऐकू येईनासं होतं आणि तुम्ही "हॅलो, हॅलो" करत बसता. म्हणून लेखी देतोय, जपून ठेवा. पेट्रोल चौऱ्याहत्तर रुपये, तुमची गाडी देते अठरा. किलोमीटरला चार रुपये अकरा पैसे. डिझेल पंचेचाळीस, माझी देते बावीस. किलोमीटरला दोन रुपये पाच पैसे. निम्म्यात काम! पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं पाणी मोजलं मी, डिझेल मोजता येणार नाही होय?

दिवाळीला हिला घेऊन संगमनेरला येतो. तुमच्या गाडीशेजारी माझी लावली तर तुमची लाजेल तेवढी. तिला आत घेऊन ठेवा.

आपला साडू,
भूपाल मगदूम

पद्मा, खालची कोरी जागा ह्यांच्याकडून मागून घेतली. फेब्रुवारीत तुझी पिशवी काढली तेव्हा मला येता आलं नाही. स्वारगेटला एस.टी. बदलायची आणि हा असला गुडघा. तू दवाखान्यात एकटी पडून होतीस हे आठवलं की अजून माझा घास अडतो. तीन वर्षं झाली तुला बघून. "तुझ्या बहिणीसाठीच गाडी घेतो," असं हे म्हणालेत, सुट्टीला आलेली सून साक्षीला होती. आईच्या नऊ साड्या होत्या ना माझ्याकडं, त्यांची वाकळ शिवलीय तुला. घेऊनच येते. — अक्का


संगमनेर
२६ ऑगस्ट २०१२

श्री. मगदूमसाहेबांना सप्रेम जयजिनेंद्र.

पत्र मिळाले. गाडीबद्दल अभिनंदन. आता गणिताकडे वळू.

आपण नववीतल्या मुलांची नेहमीची चूक केलीत. पायरी गाळलीत. माझी गाडी चार लाख साठ हजारांना आली. आपली पाच लाख ऐंशी. फरक एक लाख वीस हजार. किलोमीटरमागे आपले दोन रुपये सहा पैसे वाचतात, हे क्षणभर मान्य करू. तर मग तो फरक भरून निघायला गाडी किती चालली पाहिजे? अठ्ठावन्न हजार अडीचशे किलोमीटर. आपण दूध, भाजी आणि मंदिर मिळून दिवसाला दहा किलोमीटर फिरता असे आपणच मागे कळवले होते. म्हणजे सोळा वर्षे. आज आपले वय सत्तर. म्हणजेच आपल्याला डिझेलचा पहिला रुपया वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी सुटणार. तेव्हा पेढे पाठवावेत, मी वाट पाहतो.

माझ्या गाडीचे म्हणाल तर वर्षभरात फक्त नऊशे किलोमीटर झाले. खर्च कमी ठेवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

आपला,
धन्यकुमार शेटे

अक्का, नऊशे किलोमीटर कुठं झाले विचार. दर रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून शाळेच्या मैदानाला चाळीस फेऱ्या. बाकी सहा दिवस गाडीवर कव्हर असतं. मी डॉक्टरकडं टाके दाखवायला रिक्षानं गेले, रिक्षावाला म्हणाला, "बाई, दारात गाडी कुणाची?" म्हटलं, बँकेत ठेव ठेवल्यासारखी आहे ती, मोडायची नसते. मी आता बरी आहे गं. पण वाकळीचं वाचलं आणि पत्र घेऊन मागच्या दारी जाऊन बसले. दिवाळीला नक्की ये. — पद्मा


मिरज
१६ सप्टेंबर २०१२

शेटे सर, जयजिनेंद्र.

शहाऐंशी म्हणे! मी काय गप्प बसणारा माणूस आहे? तुमचं पत्र वाचलं, पायरी कळली, आणि दुसऱ्याच दिवसापासून उपाय सुरू केला. रोज पहाटे कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन येतो. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. आता काढा हिशोब. सोळा वर्षांचं काम पावणेतीन वर्षांत! आणि वर पुण्य, ते तर फुकटच.

गेटापाशी गाडी वळवतो, हात जोडतो आणि परत. आत जात नाही. डिझेल इंजिन गरम असताना बंद करून पुन्हा सुरू केलं की जास्त पितं, आणि डोंगराला गाडीतूनही नमस्कार पोचतो. पंधरा दिवस झाले, एकदाही खाली उतरलो नाही. ऍव्हरेज बावीस पॉइंट चार.

परवा डिझेल पाच रुपयांनी वाढलं हे मला ठाऊक आहे. तुम्ही लिहिणार, म्हणून आधीच लिहिलं.

भूपाल मगदूम

पद्मा, मी म्हटलं, रोज देवाला जाता तर एक दिवस मलाही न्या. तर म्हणाले, "दोन माणसांनी वजन वाढतं, आता मोजणी चालू आहे." रोज साठ किलोमीटर करणाऱ्या माणसाला आठवड्यात संगमनेर गाठता आलं असतं की नाही सांग. विचारलं तर म्हणतात ते त्या रस्त्यावर नाही. — अक्का


संगमनेर
३ ऑक्टोबर २०१२

श्री. मगदूमसाहेब,

वाढ झाली. डिझेल आता एक्कावन्न. आपली बचत किलोमीटरला एक रुपया एकोणऐंशी पैशांवर आली, आणि अठ्ठावन्न हजारांचे सदुसष्ट हजार किलोमीटर झाले. बाहुबलीच्या रोजच्या साठ किलोमीटरचा हिशोब मी शिक्षक म्हणून तपासला. आपण रोज एकशे एकोणचाळीस रुपयांचे डिझेल जाळून रोज एकशे सात रुपये वाचवता. पस्तीस वर्षे फळ्यावर गणिते सोडवली, पण असे उत्तर प्रथमच आले.

शिवाय माझ्या गाडीचे ऍव्हरेज अठरा नव्हे, वीस आहे. मैदानावर सतत उजवीकडे वळावे लागते म्हणून अठरा दिसते.

तोंडी वाद पुरे झाला. प्रात्यक्षिक करू. शिरवळ दोघांना सारखेच, एकशे नव्वद किलोमीटर. दोघांनी आपापल्या गावात टाकी गळ्यापर्यंत भरायची, शिरवळच्या पंपावर पुन्हा भरायची आणि जेवढे मावेल तेवढे खरे. रविवार, २५ नोव्हेंबर. दिवाळीचे येणे-जाणे त्यातच धरू, दोनदा खर्च कशाला? बहिणींचीही भेट शिरवळला होईल.

धन्यकुमार शेटे

अक्का!! दिवाळी गेली तर गेली, पण तारीख तरी ठरली. शिरवळ तर शिरवळ. पंपावर का होईना, मला तुझ्या शेजारी बसायचंय. ह्यांनी कॅलेंडरवर तांबड्या शाईनं गोल केलाय, त्यांचा टाकीसाठी, माझा तुझ्यासाठी. — पद्मा


मिरज
२९ ऑक्टोबर २०१२

शेटे सर, आव्हान मंजूर! नियम लिहून पाठवतो, उलट टपाली सही करून द्या.

एसी बंद. काचा बंद, नाहीतर वारा अडतो. टायरमध्ये हवा दोघांची सारखी. डिकी रिकामी. टाकी भरताना गाडी मागून धरून हलवायची, बुडबुडे निघाले पाहिजेत. उतारावर न्यूट्रल करायला हरकत नाही. सत्तरच्या वर पळवायची नाही. पंपावरच्या माणसाला चहा पाजून फितवायचं नाही, हे मुद्दाम तुमच्यासाठी.

भूपाल मगदूम

पद्मा, वाकळीला शेवटचा टाका घातला. मधोमध आईची ती जांभळी इरकल आहे, जी दोघींना पाहिजे होती आणि दोघींनीही मागितली नाही. शेंगाच्या पोळ्या आदल्या दिवशी करेन, चाळीस. गुडघ्याला पट्टा आणलाय. मी ह्यांना सांगून ठेवलंय, टाकीत काय मावायचं ते मावू दे, मी दोन तास पद्माला सोडणार नाही. — अक्का


संगमनेर
१४ नोव्हेंबर २०१२

श्री. मगदूमसाहेब, सही करून नियम परत पाठवत आहे. एक दुरुस्ती. मला चंदनापुरी घाट आहे, वर पुण्यातून गाडी काढायची आहे. आपल्याला खंबाटकीला बोगदा, म्हणजे सरळ सोय. तरी मी सवलत मागत नाही. मात्र गाडी हलकी करण्याचा ज्याचा त्याचा हक्क दोघांनी मान्य करावा. मी स्टेपनी काढून ठेवणार आहे.

धन्यकुमार शेटे

अक्का, दिवाळीची साडी अजून घडी मोडली नाही. पंचवीसला मोडणार. — पद्मा


मिरज
२७ नोव्हेंबर २०१२

शेटे सर,

झाल्या प्रकाराबद्दल मीच आधी लिहितो. म्हणजे नंतर कुणी उलटसुलट सांगायला नको.

शिरवळच्या पंपावर तुमची गाडी आत वळली तेव्हा मी तुमच्या डाव्या सीटकडं बघितलं. रिकामी. तुम्ही माझ्या डाव्या सीटकडं बघितलंत. तीही रिकामी. खरं सांगतो, मला क्षणभर तुमच्याबद्दल फार आदर वाटला.

आता घरी मला एकट्यालाच बोलणी बसतायत. हिचं म्हणणं, तिला पहाटे पाच वाजता नवी साडी नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून, गाडीत बसल्यावर उतरवलं. हे खरं आहे. पण त्याच्या आधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! टाकी भरली, गाडी हलवली, आणि हलवताना मला कळलं की डावी बाजू दबतेय. हिचं वजन एकाहत्तर, वाकळ चार किलो, पोळ्या तीन. अठ्ठ्याहत्तर किलो, शेटे सर! दीड पोतं सिमेंट असतं तर तुम्हीच आक्षेप घेतला असता. मी म्हटलं, पुढच्या वेळी जाऊ. ही उतरली, डबा आणि वाकळ उचलली आणि आत गेली. दार लावताना आवाजसुद्धा केला नाही.

निकाल असा. डिझेल चोवीस पॉइंट एक, पेट्रोल वीस पॉइंट तीन. तुम्ही टाकी भरताना गाडी माझ्याइतकी हलवली नाहीत, म्हणून तुमचा आकडा मला मान्य नाही. वडापाव मी दिला होता, ते राहू दे.

भूपाल मगदूम

ता. क. हिला चार ओळी लिही म्हटलं तर म्हणाली, पेन सापडत नाही. पेन तिच्या समोर होतं.


संगमनेर
२ डिसेंबर २०१२

श्री. मगदूमसाहेब,

आकड्याचा वाद नंतर. माझ्याकडेही परिस्थिती काहीशी तशीच आहे.

सौ. पद्माचे वजन ऑपरेशननंतर जेमतेम पंचावन्न. पण आपण एकटे येणार नाही याची खात्री काय? आपण एकटे आलात आणि मी पंचावन्न किलो घेऊन आलो तर प्रयोग फुकट गेला असता. म्हणून मी तिला नारायणगावला तिच्या मैत्रिणीकडे उतरवले. परत येताना घ्यायचे ठरले होते. पण परतीच्या वाटेवर चाकणजवळ पंक्चर झाले आणि स्टेपनी घरी. टेम्पोला दोरी बांधून गाडी ओढत आणेपर्यंत अंधार पडला, आणि दोरी सोडायचे भान राहिले नाही, म्हणून नारायणगावला थांबता आले नाही. ती दुसऱ्या दिवशी एस.टी.ने आली. टेम्पोचे बाराशे रुपये झाले, पण ते इंधनखर्चात धरता येत नाहीत हे आपणही मान्य कराल.

तेव्हापासून चहा वेळेवर, जेवण वेळेवर, बोलणे बंद. काल ती स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा उतरवून घेऊन आली. गेल्या महिन्यात पासष्ट पूर्ण झाली म्हणून तिने ज्येष्ठ नागरिकांचे कार्डही काढले आहे. चार दिवस पुण्याला भाचीकडे जाते म्हणाली. मी म्हटले, गाडीने सोडतो. तर म्हणाली, "नको, तुमचं ऍव्हरेज बिघडेल." पाहा, रागातही किती समजूतदार आहे!

धन्यकुमार शेटे


मिरज
८ डिसेंबर २०१२

शेटे सर,

बायका चार दिवस बाहेर गेल्या की डोकं शांत होऊन येतात, काळजी करू नका. हीसुद्धा मंगळवारी इचलकरंजीला चुलतबहिणीकडं गेली. एस.टी.नंच. डबा, वाकळ, सगळं घेऊन. मी म्हटलं, चार दिवसांसाठी वाकळ कशाला? म्हणाली, थंडी आहे.

मी खंड पाडलेला नाही. रोज पहाटे बाहुबली, रोज साठ. घरी चहा करणारं कुणी नाही म्हणून आता लवकरच निघतो. तिथली माणसं फार अगत्याची हो! धर्मशाळेच्या ओसरीवर चार दिवस झाले दोन बायका वाकळ पांघरून बसलेल्या असतात. गाडी वळवताना एकीनं हात केला, दुसरी हसल्यासारखी वाटली. मीही हॉर्न वाजवला. लांबचा चष्मा घरी असतो, गाडीत मी मीटर बघायला जवळचा लावतो, म्हणून चेहरे काही दिसले नाहीत.

सदुसष्ट हजारांपैकी सहा हजार सातशे झाले. लेखी घ्या.

भूपाल मगदूम


श्रीक्षेत्र बाहुबली, कुंभोज
८ डिसेंबर २०१२

श्री. भूपाल मगदूम, मिरज, आणि श्री. धन्यकुमार शेटे, संगमनेर, या दोघांना जयजिनेंद्र. खाली कार्बन घालून आम्ही दोघी एकच पत्र दोघांना लिहितोय. कमी खर्चात होतं.

पद्मा मंगळवारी संगमनेरहून निघाली. पुण्याला गाडी बदलली, सांगलीला बदलली. मी मिरजेहून एकाच गाडीनं आले. कंडक्टरनं माझा गुडघा बघून पुढची सीट दिली आणि पिशवी स्वतः वर ठेवली. माझं वजन त्यानं विचारलं नाही. दोघींचं हाफ तिकीट. किलोमीटरला पन्नास पैसे पडले, आणि गाडी डिझेलचीच होती. तुमचा वाद मिटला असेल तर बरं.

पद्मा फाटकातून आत आली तेव्हा मी ओसरीवर होते. ती एवढीशी झालीय हो! मी तिला धरलं आणि दोघी इतक्या रडलो की धर्मशाळेचे काका पाणी घेऊन आले. ऑपरेशनच्या वेळी भूल उतरताना तिनं मला हाक मारली होती, हे तिनं मला चार दिवसांपूर्वी सांगितलं. तीन वर्षांत भेट झाली असती तर आधी कळलं असतं. पोळ्या पहिल्याच दिवशी निम्म्या संपल्या. पहाटे गार वारा असतो, आम्ही आईची वाकळ अंगाभोवती घेऊन ओसरीवर बसतो. जांभळ्या इरकलीवरून भांडण आता झालं. चाळीस वर्षं राहिलं होतं, करून टाकलं. अजून आठ दिवस आम्ही इथंच आहोत.

— शकुंतला (अक्का)

शेटे सर, मी पद्मा. मी भाचीकडं गेले नाही हे एव्हाना कळलं असेल. नारायणगावला टेम्पोमागं दोरीनं बांधलेली आपली गाडी माझ्यासमोरून गेली. मी रस्त्यावरच उभी होते, हात केला. तुम्ही मीटर बघत होता. घ्यायला यायचं असेल तर या, पण स्टेपनी घालून या, आणि डावी सीट पुसून ठेवा.

दाजी, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. गेले चार दिवस रोज पहाटे सव्वासहाला तुमची पांढरी गाडी गेटापाशी येते, वळते, हॉर्न वाजवते आणि जाते. पहिल्या दिवशी अक्का लंगडत पायऱ्या उतरून गेटापर्यंत आली होती, तिला वाटलं तुम्ही न्यायला आलात. आता ती बसल्या जागेवरून हात करते.

तिच्या वतीनं शेवटची ओळ मी लिहिते, तिचे हात पिठात आहेत. पत्र मिळाल्यावर पहाटे याल तेव्हा गाडी वळवताना फक्त डावीकडची काच खाली करा. पोळ्यांचा डबा सीटवर ठेवीन म्हणतेय. गाडी बंद करायची काही गरज नाही, डिझेल जाईल.